वर्डमधून लाटेककडे : रूपांतराचा प्रश्न आज कुठे आहे

संशोधनप्रबंध वर्डमध्ये लिहून होतो, मार्गदर्शक त्याच फाइलमध्ये तो तपासून देतात, आणि छापायची वेळ आली की नियतकालिकाचे किंवा ग्रंथमालेचे संपादक लाटेकची फाइल मागतात. गणितात आणि भौतिकशास्त्रात हे नेहमीचेच आहे. भाषाशास्त्र, संस्कृत ग्रंथांचे संपादन अशा शाखांतही आता ही मागणी होऊ लागली आहे. वर्डच्या ‘सेव्ह ॲज’च्या यादीत लाटेकचा पर्याय नसतो. तो का नाही, त्याऐवजी कोणत्या वाटा तयार झाल्या, त्या वाटांवर काय हरवते आणि त्याबद्दल जाणकारांची मते कशी विभागली आहेत, हे इथे क्रमाने पाहायचे आहे. मराठी मजकुरापुढे यात काही वेगळ्या अडचणी उभ्या राहतात. त्यांना इथे मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

दोन घराणी

संगणकावर मजकूर सजवण्याची जुनी रीत म्हणजे मजकुरातच आज्ञा लिहायच्या. 1964 मध्ये एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी केलेला रनऑफ आणि पुढे बेल लॅबमध्ये जो ओसाना यांनी लिहिलेला ट्रॉफ हे याच घराण्यातले. 1977 मध्ये डोनाल्ड क्नुथ यांच्या हाती त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. आधीची आवृत्ती धातूच्या खिळ्यांवर जुळवलेली आणि देखणी होती. नव्या तंत्राची जुळणी त्यांना पाहवेना, म्हणून त्यांनी स्वतःच टेक लिहायला घेतले. टेक पानावरच्या प्रत्येक अक्षराची जागा ठरवते. मात्र ‘हे प्रकरणाचे शीर्षक’, ‘हे अवतरण’ एवढेच लेखकाने सांगावे आणि दिसण्याचे काम यंत्रणेवर सोडावे, ही कल्पना ब्रायन रीड यांच्या स्क्राइबमध्ये आधी ठसठशीतपणे आली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1980 च्या दशकात टेकवर लाटेक उभे केले ते याच विचाराने. त्यांचे पुस्तक 1986 मध्ये आले आणि लाटेक विद्यापीठांत पसरले.

दुसरे घराणे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतले. तिथे 1970 च्या दशकात ब्राव्हो हा संपादक तयार झाला. पडद्यावर दिसेल तेच कागदावर उतरेल, अशी त्याची रीत होती. त्याच्या कर्त्यांपैकी चार्ल्स सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि 1983 मध्ये वर्ड बाजारात आले. वर्डला रचनेचे वावडे आहे, ही समजूत मात्र चुकीची आहे. परिच्छेदांना नावाच्या शैली देण्याची सोय त्यात डॉसच्या काळापासून आहे. पण ती वापरण्याची सक्ती नाही. शीर्षक हवे असेल तर ओळ निवडून ती ठळक आणि मोठी केली तरी भागते, आणि बहुतेक लोक तेच करतात. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ या न केलेल्या सक्तीत आहे.

फाइलच्या पोटात काय असते

जुनी ‘डॉक’ फाइल द्विमान स्वरूपाची होती आणि तिची रचना बाहेरच्यांना बराच काळ अंदाजानेच वाचावी लागे. आजची ‘डॉकेक्स’ ही प्रत्यक्षात झिप केलेली पेटी आहे. तिचे नाव बदलून ती उघडली की आत एक्सएमएल फाइली दिसतात. मजकूर एका फाइलमध्ये, शैली दुसरीत, तळटीपा तिसरीत, चित्रे वेगळ्या कप्प्यात. हे स्वरूप 2006 मध्ये एक्माने आणि 2008 मध्ये आयएसओने प्रमाण म्हणून स्वीकारले. त्यावर जगभर मोठा वाद झाला आणि भारतीय मानक ब्यूरोने विरोधात मत दिले. ओपनडॉक्युमेंट हे प्रमाण आधीच, 2006 मध्ये, आयएसओने मान्य केलेले असताना दुसरे कशाला, असा विरोधकांचा सवाल होता. वादाचा निकाल काहीही असो, स्वरूप उघडे झाल्याने रूपांतर करणाऱ्यांचे काम फार सोपे झाले.

पण स्वरूप उघडे असले म्हणून त्यातला मजकूर नीट लावलेला असतोच असे नाही. परिच्छेदाच्या आत वर्ड मजकुराचे लहान लहान तुकडे करून ठेवते. मधेच एखादे अक्षर दुरुस्त केले, शुद्धलेखन तपासले, दुसऱ्या दिवशी चार शब्द घातले, की नवा तुकडा पडतो. डोळ्यांना अखंड दिसणारा शब्द आत तीन ठिकाणी तुटलेला असू शकतो. तिरप्या अक्षरांचे पाहा. एखादा शब्द तिरपा असतो तो पुस्तकाचे नाव म्हणून, परभाषेतला म्हणून, किंवा जोर देण्यासाठी. लाटेकमध्ये या तिन्ही कारणांना वेगळ्या आज्ञा देता येतात. वर्डच्या फाइलमध्ये कारण नोंदलेलेच नसते, ‘तिरपे’ एवढीच नोंद असते. रूपांतर करणारा कार्यक्रम कितीही हुशार असला तरी जे लिहिलेलेच नाही ते त्याला वाचता येत नाही.

आतापर्यंतच्या वाटा

पहिली वाट आरटीएफची. मायक्रोसॉफ्टने 1987 मध्ये आणलेले हे स्वरूप साध्या अक्षरांत लिहिलेले असे. त्यामुळे डॉक फाइल न उलगडता आरटीएफ वाचून लाटेक तयार करणारे अनेक छोटे कार्यक्रम निघाले. त्यांनी ठळक, तिरपे, तळटीपा बऱ्या आणल्या. पण आरटीएफमध्ये दिसण्याचे तपशील इतके असतात की हाती येणारी लाटेकची फाइल आज्ञांनी गजबजून जाई.

दुसरी वाट ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिसची. वर्डची फाइल आधी तिथे उघडायची आणि मग रायटर-टू-लाटेक या जोडकार्यक्रमाने पुढे न्यायची. या कार्यक्रमाची मोठी खुबी अशी की कोणत्या शैलीचे कोणत्या आज्ञेत रूपांतर व्हावे हे वापरणाऱ्याला ठरवता येते. ज्यांनी शैली शिस्तीने वापरल्या आहेत त्यांच्यासाठी ही वाट आजही चांगली आहे.

तिसरी आणि सध्या सर्वांत रहदारीची वाट म्हणजे पँडॉक. बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी 2006 मध्ये तो सुरू केला. डॉकेक्स वाचण्याची सोय त्यात 2014 मध्ये आली. पँडॉक फाइलचे थेट दुसऱ्या स्वरूपात भाषांतर करत नाही. तो आधी तिचा सांगाडा काढतो : शीर्षके, परिच्छेद, याद्या, तळटीपा, तक्ते. मग त्या सांगाड्यावरून हवे ते स्वरूप लिहितो. फॉन्ट, रंग, समास, अंतरे यांची वासलात मधेच लागते, आणि ती मुद्दाम लावलेली आहे. फळ म्हणून हाती येणारी लाटेक फाइल स्वच्छ आणि माणसाला वाचता येईल अशी असते. लेखकाने शीर्षके हाताने ठळक केली असतील तर मात्र पँडॉकला ती साधे ठळक परिच्छेदच वाटतात आणि प्रबंधाला प्रकरणेच उरत नाहीत. मधल्या सांगाड्याचा दुसरा फायदा असा की उद्या लाटेकऐवजी टाइप्स्टसारखी नवी व्यवस्था हवी झाली तरी कष्ट वाया जात नाहीत.

या तिन्हींखेरीज समीकरणांसाठी विकत मिळणारे कार्यक्रम आहेत, आणि सगळे सोडून मजकूर साधा चिकटवून हाताने खुणा करणारे लोकही पुष्कळ आहेत. पन्नास पानांच्या आतल्या, समीकरणे कमी असलेल्या लेखाला हाताची रीत अजूनही वाईट नाही, असे मला वाटते. खुणा करता करता लेख पुन्हा वाचला जातो.

अडते कुठे

समीकरणांत सर्वांत जास्त. वर्डमधल्या समीकरणांचे किमान तीन प्रकार सापडतात. 2007 पासूनची वर्डची स्वतःची समीकरणे एक्सएमएलमध्ये असतात. पँडॉक ती वाचतो आणि लाटेकमध्ये बहुधा बरोबर उतरवतो. त्याआधीच्या इक्वेशन एडिटरची समीकरणे फाइलमध्ये एका बंद वस्तूसारखी बसवलेली असतात आणि बरोबर फक्त त्यांचे चित्र असते. त्या एडिटरमध्ये सुरक्षेचा गंभीर दोष सापडल्यावर मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2018 मध्ये तो काढूनच टाकला. त्यामुळे जुन्या प्रबंधांतली समीकरणे आता दिसतात, पण वर्डमध्ये पूर्वीसारखी दुरुस्त करता येत नाहीत. मॅथटाइप हाताशी असेल तर ती उघडून लाटेकच्या लिपीत काढता येतात. तिसरा प्रकार सर्वांत दुर्लक्षित : साध्या मजकुरात तिरपे अक्षर आणि खाली-वर चढवलेले अंक वापरून लिहिलेली सूत्रे. माणसाला ती समीकरणे वाटतात. यंत्राला तो मजकूरच वाटतो, आणि छापताना अंतरे चुकतात.

संदर्भांचे गणित वेगळे आहे. झोटेरोसारख्या साधनाने घातलेले संदर्भ वर्डच्या फाइलमध्ये आपली पूर्ण माहिती बरोबर बाळगतात. लेखक, वर्ष, ग्रंथनाव हे सगळे सुटे सुटे असते. पँडॉकला तशी सूचना दिली तर तो ती माहिती उचलतो. हाताने टंकलेले संदर्भ म्हणजे निव्वळ अक्षरे. कंसातले नाव आणि वर्ष शेवटच्या यादीतल्या कोणत्या नोंदीकडे बोट दाखवते, हे कुठेच लिहिलेले नसते. ‘आकृती 4 पाहा’ हेही तसेच. आकृतीचा क्रमांक हाताने लिहिला असेल तर लाटेकचा आपोआप क्रमांक देण्याचा गुण वाया जातो.

तक्ते आणि चित्रे यांबद्दल थोडक्यात. जोडलेल्या खणांचे तक्ते पँडॉकच्या सांगाड्यात 2020 पर्यंत मावतच नव्हते. आता मावतात, पण गुंतागुंतीचा तक्ता हाताने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. वर्डमध्ये चिकटवलेल्या आलेखांचे विंडोजी स्वरूप लाटेक थेट घेत नाही. ते पीडीएफ करून द्यावे लागतात.

देवनागरीचा वेगळा पेच

इंग्रजी फाइलमध्ये रचना हरवलेली असली तरी अक्षरे शाबूत असतात. मराठी फाइलबद्दल एवढीही खात्री देता येत नाही. 1990 च्या दशकापासून मराठी अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम यांसारख्या साधनांवर झाली. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून असली तरी छपाईच्या धंद्यात तिला शिरकाव मिळायला फार वेळ लागला. त्याचे एक कारण म्हणजे पेजमेकर. त्याला शेवटपर्यंत युनिकोड आले नाही, आणि डीटीपीची सारी घडी त्याच्यावर बसलेली होती. जुन्या फॉन्टांत ‘क’ दिसतो तिथे फाइलमध्ये एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. फॉन्ट फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमालिकांचाही वेगळा.

आता पँडॉकची रीत आठवावी. तो फॉन्टचे नाव टाकून देतो. म्हणजे अशी फाइल थेट दिली तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा खच येतो, आणि त्याच परिच्छेदातली खरी इंग्रजी वाक्ये त्यात मिसळून जातात. कोणता तुकडा मराठी होता हे सांगणारी एकमेव खूण, म्हणजे फॉन्टचे नाव, तोवर गेलेली असते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे : फाइल वर्डच्याच स्वरूपात असताना, फॉन्टचे नाव पाहून, मराठी तुकडे युनिकोडमध्ये आणायचे आणि मगच लाटेककडे निघायचे.

युनिकोडमध्ये आणणे हेही अक्षरामागे अक्षर बदलण्याइतके सरळ नाही. जुने फॉन्ट दिसण्याच्या क्रमाने चालतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ऱ्हस्व वेलांटी आधी टंकलेली असते, ती व्यंजनानंतर न्यावी लागते. रफार शेवटी असतो, तो अक्षराच्या आधी आणावा लागतो. जोडाक्षरात किती मागे जायचे हे नियमाने ठरवावे लागते. त्यात मराठीचा खास ‘ऱ्य’. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. फाइल ‘साफ’ करणारे कार्यक्रम अदृश्य चिन्हे सरसकट काढतात, आणि मग दऱ्यांचा दर्या होतो. शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही ते सापडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

वर्डचा आणखी एक बारकावा असा की देवनागरी त्याच्या लेखी ‘जटिल लिपी’ असते. तिच्या ठळकपणाची आणि आकाराची नोंद रोमनपेक्षा वेगळ्या जागी होते. रोमनचीच जागा तपासणारा कार्यक्रम मराठी मजकुरातला ठळकपणा हरवून बसतो.

लाटेकच्या बाजूने मात्र परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. 1990 च्या दशकात देवनागरीसाठी हॉलंडमध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी केलेली व्यवस्था वापरावी लागे. मजकूर रोमन लिपीत लिहायचा आणि आधी एका कार्यक्रमातून काढायचा. 2004 मध्ये जोनाथन क्यू यांचे झीटेक आले आणि युनिकोड मजकूर थेट घेऊ लागले. 2020 पासून लुआटेकच्या जोडीलाही जोडाक्षरे जुळवणारे हार्फबझ मिळाले. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ फॉन्टात असतील तर भाषा मराठी असल्याचे सांगितल्यावर तेच उमटतात. आयआयटी मुंबईची शोभिका आणि इतर खुले फॉन्ट उपलब्ध आहेत, शब्द तोडण्याचे मराठी नियमही आहेत. चांगल्या रीतीने युनिकोडमध्ये आणलेला मराठी ग्रंथ आज लाटेकमध्ये फार सुंदर जुळवता येतो, आणि हे मराठी लेखकांपर्यंत पुरेसे पोचलेले नाही याचे वाईट वाटते.

उलटी वाट

सहलेखक किंवा मार्गदर्शक वर्डमध्येच काम करत असतील तर लाटेककडून परत यावे लागते. ती वाट निराळ्या कारणाने कठीण आहे. वर्डमध्ये रचना अपुरी असते. लाटेक ही मुळात प्रोग्रॅमिंगची भाषा असल्याने तिथे लेखक स्वतःच्या हव्या तितक्या आज्ञा घडवू शकतो. पँडॉक प्रचलित आज्ञा ओळखतो, बाकीच्या सोडतो. टेकफोरएचटी टेकलाच काम करू देते आणि त्यातून निघालेले वाचते. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेतल्या लाटेकएमएलने टेकचे वागणेच नव्याने लिहून काढले आहे. अर्काइव्हवरचे शोधनिबंध वेबपानांवर वाचनीय करायला तेच वापरले जाते. दोन्हीकडे अनेकदा ये-जा करणारा लेख दर फेरीला थोडा झिजतो, आणि हे थांबवणारे साधन अजून नाही.

मते कशी विभागली आहेत

पहिला पक्ष म्हणतो की मुळात वर्डमध्ये लिहूच नये. अर्थशास्त्रज्ञ ॲलिन कॉट्रेल यांनी 1999 मध्ये ही बाजू जोरदार मांडली : लिहिताना लेखकाने मजकुराचा विचार करावा, मांडणीचा नाही. त्याच्या बरोबर उलट निष्कर्ष मार्कुस क्नाउफ आणि येलित्सा नेयास्मिच यांच्या 2014 च्या प्लॉस वनमधल्या अभ्यासाने काढला. त्यांनी 40 संशोधकांना नमुना देऊन तो अर्ध्या तासात उतरवायला सांगितला. समीकरणांचा मजकूर सोडता वर्डवाले जलद आणि कमी चुकणारे ठरले. लाटेकवाल्यांना मात्र काम अधिक आवडले होते. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे की दिलेले पान हुबेहूब उतरवणे हे लाटेकचे कामच नव्हे. लांब ग्रंथ, बदलते संदर्भ, वर्षानुवर्षांच्या आवृत्त्या यांत त्याचा कस लागतो. आक्षेप रास्त आहे. पण अभ्यासातली एक गोष्ट तरी मान्य करावी लागते : लेखकाचा वेळही मोजला पाहिजे.

दुसरा पक्ष मध्यममार्गी. लेखकाने हवे तिथे लिहावे, फक्त शैली वापराव्यात आणि संदर्भ साधनाने घालावेत. मग रूपांतर यंत्र करील. माझा कल या बाजूला आहे, कारण नवशिक्यालाही हे एका दुपारात शिकता येते.

तिसरा पक्ष प्रकाशनव्यवसायाचा. त्यांच्या दृष्टीने वर्ड आणि लाटेक ही दोन्ही फक्त आवक आहे. अनेक मोठे प्रकाशक आलेली फाइल, कोणतीही असो, जॅट्ससारख्या एक्सएमएलमध्ये बदलून घेतात आणि तिथून छापील पान, संकेतस्थळ, संग्रह अशी सगळी रूपे काढतात. हे काम मोठ्या प्रमाणावर चेन्नई, पुदुच्चेरी, तिरुवनंतपुरम इथे होते. टेकच्या जागतिक परिषदा तिरुवनंतपुरमला 2002 आणि 2011 मध्ये भरल्या त्यामागे तिथल्या अक्षरजुळणीकारांचे मोठे कौशल्य उभे आहे. लेखकाने न नोंदलेली रचना तिथे कोणीतरी वाचून, समजून पुन्हा नोंदवते. रूपांतर ‘आपोआप’ झाले असे आपण म्हणतो तेव्हा हे श्रम आपल्याला दिसत नसतात.

काय सुटलेले नाही

भाषेच्या मोठ्या प्रतिमानांमुळे प्रश्नाचे रूप बदलते आहे. ठळक ओळ शीर्षक आहे की नुसती ठळक, कंसातले वर्ष कोणत्या नोंदीचे, सूत्राच्या चित्रात काय लिहिले आहे, हे ती ओळखू शकतात. जुनी साधने जिथे थांबत होती तिथून ती पुढे जातात. पण चुकण्याची जात वेगळी आहे. पँडॉक चुकला तर जागेवर भगदाड दिसते. प्रतिमान चुकले तर ओळ गुळगुळीत असते, फक्त एखादा शब्द, एखादे चिन्ह मुळातले राहिलेले नसते. मूळ आणि रूपांतरित मजकूर शब्दाला शब्द लावून ताडून पाहण्याची सवय आणि साधने या दोन्हींची त्यामुळे गरज वाढली आहे. अशी पडताळणी कोणी करायची, लेखकाने, संपादकाने की जुळणीकाराने, हे ठरलेले नाही.

टिकाऊपणाचा वादही मिटलेला नाही. क्नुथ यांनी 1990 नंतर टेकमध्ये दोष काढण्यापलीकडे बदल करायचे नाहीत असे ठरवले. त्यामुळे जुन्या फाइली आजही चालतात. पण लाटेकभोवतीची असंख्य पॅकेजे बदलत राहतात, आणि दहा वर्षांपूर्वीचा प्रबंध जसाच्या तसा चालेल असे सांगता येत नाही. डॉकेक्स प्रमाणित असले तरी वर्ड नेहमी जी फाइल जतन करते ती प्रमाणाच्या ‘संक्रमणकालीन’ रूपातली असते, ‘काटेकोर’ रूपातली नाही.

मराठीपुरता सर्वांत तातडीचा प्रश्न जुन्या फॉन्टांच्या फाइलींचा आहे. ग्रंथ, नियतकालिके, कोश यांच्या तीस वर्षांच्या जुळणीच्या फाइली प्रकाशकांकडे आणि डीटीपीवाल्यांकडे पडून आहेत. त्यांचे तक्ते कंपन्यांच्या साधनांत किंवा जाणत्या जुळणीकारांच्या डोक्यात आहेत. रूपांतराची खासगी आणि खुली अशी बरीच साधने फिरतात, पण कोणते साधन कोणत्या फॉन्टासाठी, कोणत्या जोडाक्षरांत चुकते, याची एकत्र आणि सर्वांना तपासता येईल अशी नोंद हवी. फॉन्टागणिक नमुना मजकूर, त्याचे अचूक युनिकोड रूप आणि ‘ऱ्य’सारख्या जागांची यादी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. विद्यापीठांचे मराठी विभाग, राज्य मराठी विकास संस्था आणि ज्यांनी हे फॉन्ट घडवले त्या पुण्यातल्या संस्था मिळून हे करू शकतील, तेही अशी कामे हाताने केलेली पिढी अजून धंद्यात आहे तोवर.